मिकासा: न तरंगणारी युद्धनौका

टोकियोच्या उपसागराच्या मुखाजवळ योकोसुका नावाचे बंदर आहे. अमेरिकी नौदलाचा मोठा तळ येथे आहे आणि जपानच्या सागरी स्वसंरक्षण दलाचाही. या तळाला लागूनच एक बाग आहे आणि त्या बागेच्या कडेला 'मिकासा' ही युद्धनौका उभी आहे. 'उभी' हा शब्द येथे शब्दशः घ्यायचा. भरती आली काय आणि ओहोटी लागली काय, मिकासा तसूभरही हलत नाही, कारण तिचा तळ वाळू आणि काँक्रीटमध्ये रुतवलेला आहे. एका बाजूला समुद्र दिसतो. पण त्या समुद्राशी तिचा संबंध सुमारे शंभर वर्षांपूर्वीच तुटला. तिची नाळ टोकियोतील राजवाड्याच्या दिशेला वळवलेली आहे आणि समोर अ‍ॅडमिरल तोगो हेइहाचिरो यांचा पुतळा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी जगातल्या बड्या सत्तांनी ज्या प्रकारच्या पोलादी युद्धनौका डझनावारी बांधल्या, त्यांपैकी आज जगात शिल्लक असलेली ही एकमेव. बाकीच्या बुडाल्या किंवा भंगारात गेल्या. त्यामुळे नौकांच्या इतिहासात रस असणाऱ्यांसाठी मिकासा हे तीर्थक्षेत्र आहे. मात्र तेथे दिसणाऱ्या मोठ्या तोफा मूळच्या नाहीत, धुरांडी मूळची नाहीत, डोलकाठ्या मूळच्या नाहीत. मग जपले आहे ते नेमके काय, हा प्रश्न कोणाही जिज्ञासू माणसाला पडावा. त्याचे उत्तर शोधू लागले की मिकासाचा विजय बाजूला राहतो आणि तिच्या मरणांची गोष्ट पुढे येते. ही नौका अनेकदा मेली आहे. प्रत्येक वेळी तिला कोणी आणि कशासाठी उठवले, हे पाहण्यासारखे आहे.

आधी जन्माविषयी. १८९४-९५ च्या युद्धात जपानने चीनचा पराभव केला आणि मोठी खंडणी वसूल केली. त्याच तहात मिळालेला लिआवदोंग द्वीपकल्प मात्र रशिया, जर्मनी आणि फ्रान्स यांनी दमदाटी करून परत करायला लावला, आणि पुढे तेथलेच पोर्ट आर्थर रशियाने स्वतःच भाडेपट्ट्याने घेतले. हा अपमान जपानच्या वर्मी लागला. चीनच्या खंडणीचा मोठा वाटा आरमारावर खर्च झाला. सहा युद्धनौका आणि सहा चिलखती क्रूझर असा तो संकल्प होता. या सहाही युद्धनौका ब्रिटनमध्ये बांधल्या गेल्या, कारण एवढ्या आकाराची नौका बांधण्याची क्षमता जपानी गोद्यांत तेव्हा नव्हती. मिकासा ही सहावी. उत्तर इंग्लंडातील बॅरो येथे व्हिकर्स कंपनीच्या गोदीत जानेवारी १८९९ मध्ये तिचे बांधकाम सुरू झाले, नोव्हेंबर १९०० मध्ये ती पाण्यात उतरली आणि १ मार्च १९०२ रोजी जपानी नौदलाच्या ताब्यात आली. वजन सुमारे १५,००० टन, वेग १८ नॉट, बारा इंची चार तोफा आणि सहा इंची चौदा. त्या काळात याहून बलाढ्य नौका क्वचितच होती.

तिच्या खरेदीविषयी जपानमध्ये एक कथा सांगतात. मंजूर झालेला निधी संपला होता आणि आगाऊ रक्कम भरल्याशिवाय काम सुरू होणार नव्हते. नौदलमंत्री यामामोतो यांनी ज्येष्ठ सहकारी साइगो यांचा सल्ला घेतला. साइगो म्हणाले, दुसऱ्या कामाचे पैसे वळवा. बेकायदा ठरलेच तर आपण दोघे राजवाड्याच्या पुलासमोर पोट चिरून घेऊ, नौका तेवढी मिळायला हवी. कथा खरी की रचलेली, हा वाद येथे नको. ती आजही आवडीने सांगितली जाते, एवढे पुरे. नाव मात्र युद्धखोर नाही. मिकासा हा नारा या जुन्या राजधानीजवळचा डोंगर. आठव्या शतकात चीनमध्ये आयुष्य काढलेल्या एका जपानी कवीने परदेशात चंद्र पाहून याच डोंगरावरच्या चंद्राची आठवण काढली होती आणि ती कविता जपानी शाळकरी मुलांनाही पाठ असते. घरापासून दूर गेलेल्या माणसाच्या हुरहुरीचे नाव इंग्लंडात बांधलेल्या तोफखान्याला मिळाले, हा योगायोगच म्हणायचा.

फेब्रुवारी १९०४ मध्ये जपानने पोर्ट आर्थरवर हल्ला केला आणि युद्ध सुरू झाले. पहिल्या काही महिन्यांतच जपानने दोन युद्धनौका एकाच दिवशी, १५ मे रोजी, सुरुंगांवर गमावल्या. सहांच्या चार झाल्या. त्यांची भरपाई करण्याची कोणतीही सोय नव्हती. आरमारप्रमुख तोगो यांच्या डोक्यावरचे ओझे त्यावरून कळावे. हे गृहस्थ सात्सुमा प्रांतातील सामुराई घराण्यातले, तारुण्यात सात वर्षे इंग्लंडात नौकानयन शिकलेले आणि अत्यंत अबोल. त्यांचे निशाण मिकासावर होते.

इकडे झारने बाल्टिक समुद्रातले आरमार पूर्वेकडे पाठवले. ऑक्टोबर १९०४ मध्ये लिबाऊ बंदरातून निघालेला हा ताफा सुमारे १८,००० सागरी मैल तोडून येणार होता. वाटेत उत्तर समुद्रात त्याने ब्रिटिश मच्छिमारांच्या बोटींना जपानी पाणतीर नौका समजून त्यांच्यावर गोळीबार केला. मोठ्या नौका आफ्रिकेला वळसा घालून मादागास्करला पोहोचल्या, आणि तेथे त्यांना कळले की ज्या पोर्ट आर्थरच्या सुटकेसाठी आपण निघालो ते केव्हाच पडले आहे. तरीही त्यांना पुढे जाण्याचाच हुकूम होता. कोळशाच्या पोत्यांनी भरलेल्या, तळाला शेवाळ माजलेल्या आणि दमलेल्या खलाशांनी चालवलेल्या या नौका हिंदी महासागर ओलांडून एप्रिलमध्ये सिंगापूरजवळून गेल्या, तेव्हा त्यांच्या भवितव्याविषयी किनाऱ्यावरच्या बघ्यांनाही फारशी शंका नसावी.

२७ मे १९०५ रोजी कोरिया आणि जपान यांच्यामधल्या त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत गाठ पडली. पहाटे एका जपानी टेहळणी जहाजाने बिनतारी संदेशाने शत्रूची खबर दिली. दुपारी मिकासावर 'झेड' निशाण चढले. साम्राज्याचे भवितव्य या लढाईवर अवलंबून आहे, प्रत्येकाने शर्थ करावी, असा त्याचा ठरलेला अर्थ. शंभर वर्षांपूर्वी ट्राफल्गारला नेल्सनने दिलेल्या संदेशाचा हा प्रतिध्वनी होता, आणि इंग्लंडात शिकलेल्या तोगोंना ते ठाऊक नसणे शक्य नाही. मग त्यांनी एक धाडस केले. समोरून येणाऱ्या रशियन रांगेच्या देखत त्यांनी आपल्या नौकांना एकामागोमाग वळण्याचा हुकूम दिला. वळणाचा बिंदू प्रत्येक नौकेसाठी तोच, म्हणजे शत्रूने त्या एका जागेवर नेम धरून बसावे. वळण पुरे होईपर्यंत मागच्या नौकांच्या तोफा निरुपयोगी होत्या आणि सर्वांत पुढे असलेल्या मिकासावर गोळ्यांचा वर्षाव होत होता. दिवसभरात तिला तीसहून अधिक गोळे लागले. तोगो चिलखती बुरुजात न जाता उघड्या सज्जावरच उभे राहिले. वळण पुरे झाले आणि जपानी रांग रशियनांच्या वाटेत आडवी पडली. तोफा नेमाने चालू लागल्या. पुढे काय झाले ते लढाईपेक्षा कत्तलीच्या जवळ जाते. बोरोदिनो या रशियन नौकेवरच्या आठशेंहून अधिक माणसांपैकी एकच वाचला. दुसऱ्या दिवशी उरलेल्या रशियन नौकांनी शरणागती पत्करली. रशियाचे चार हजारांहून अधिक खलाशी मेले, जपानचे ११७.

या लढाईचा नाद आपल्याकडे किती घुमला ते सर्वश्रुत आहे. इंग्लंडला शिकायला निघालेल्या तरुण जवाहरलालने डोव्हरहून लंडनला जाणाऱ्या गाडीत त्सुशिमाची बातमी वाचली आणि तो हर्षभरित झाला, हे त्यानेच आत्मचरित्रात नोंदवले आहे. पुण्याच्या 'केसरी'लाही जपानच्या उदयाचे अप्रूप होते. जपान म्हणजे आशियाने युरोपला दिलेले उत्तर, अशी ती भावना होती, आणि ती महाराष्ट्रात पुढेही बरीच वर्षे टिकली. महर्षी कर्व्यांना महिला विद्यापीठाची कल्पना जपानमधील महिला विद्यापीठाविषयीच्या पुस्तिकेवरून सुचली. शिक्षण, उद्योग, शिस्त या सर्वांत जपान हा आपला धडा होता. त्यामुळे मिकासा ही एका अर्थाने आपल्याही आजोबा-पणजोबांची लाडकी नौका.

पण याच वर्षीची आणखी दोन कागदपत्रे त्या आनंदाशेजारी ठेवून पाहावीत. त्सुशिमानंतर अडीच महिन्यांनी, १२ ऑगस्ट १९०५ रोजी, ब्रिटन आणि जपान यांनी आपल्या मैत्रीकराराचे नूतनीकरण केले. त्याची व्याप्ती वाढवून त्यात हिंदुस्थानाचा समावेश झाला. हिंदुस्थानाच्या सरहद्दीपाशी आपल्या तेथील मालमत्तेच्या रक्षणासाठी योग्य ती पावले उचलण्याचा ब्रिटनचा हक्क जपानने मान्य केला. त्याच्या बदल्यात कोरियात हवे ते करण्याची मोकळीक ब्रिटनने जपानला दिली. नोव्हेंबरमध्ये जपानने कोरियावर संरक्षित राज्याचा करार लादला आणि १९१० मध्ये तो देश गिळंकृत केला. म्हणजे लाहोर, कलकत्ता आणि पुणे येथे ज्या विजयाबद्दल साखर वाटावीशी वाटत होती, त्या विजयाने आपल्या पारतंत्र्याच्या दस्तऐवजावर एक साक्षीदार वाढवला होता. आपल्याकडच्या लेखनात नेहरूंची ती आगगाडी वारंवार येते. १२ ऑगस्टचा करार क्वचितच येतो. आनंद खोटा नव्हता. तो करणाऱ्यांना सौदा दिसत नव्हता, एवढेच.

आता मिकासाचे पहिले मरण. ५ सप्टेंबर १९०५ रोजी अमेरिकेत पोर्ट्समथ येथे रशियाशी तह झाला. त्यात जपानला खंडणी मिळाली नाही. एवढी माणसे आणि एवढा पैसा घालून हाती हेच का, म्हणून त्याच दिवशी टोकियोच्या हिबिया बागेपासून दंगल उसळली, पोलीस चौक्या जळाल्या, दुसऱ्या दिवशी लष्करी कायदा पुकारावा लागला. राजधानी अशी धुमसत असताना मिकासा सासेबो बंदरात नांगर टाकून होती. १० सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर तिच्या मागच्या भागातील दारूगोळ्याच्या कोठारात आग लागली, स्फोट झाला आणि त्सुशिमाची विजयी नौका आपल्याच बंदरात बसली. अडीचशेहून अधिक खलाशी मेले. त्सुशिमाच्या लढाईत संपूर्ण जपानी आरमाराचे जेवढे मेले, त्याच्या दुपटीहून हा आकडा मोठा आहे. तोगो त्या वेळी नौकेवर नव्हते. कारणाविषयी दोन तर्क प्रचलित आहेत. काहींच्या मते दारूगोळ्याचे रसायन बिघडले होते. काही सांगतात, खलाशी कोठाराशेजारी चोरून इंधनाचे अल्कोहोल पिण्याच्या खटपटीत होते आणि तेच पेटले. दुसरा तर्क खरा असेल तर हे साम्राज्याच्या भवितव्याचे निशाण आणि रात्री चोरून पिणारे पोरगेलेसे खलाशी एकाच नौकेवर राहत होते, हे लक्षात ठेवावे. स्मारकांत पहिल्याला जागा असते.

अकरा महिन्यांनी, ऑगस्ट १९०६ मध्ये तिला तळावरून उचलण्यात आले. पण ती पाण्याखाली असताना जगच बदलले होते. फेब्रुवारी १९०६ मध्ये ब्रिटनने 'ड्रेडनॉट' ही नवी नौका पाण्यात उतरवली. दहा बारा-इंची तोफा आणि टर्बाइन इंजिने असलेल्या तिच्यापुढे आधीच्या साऱ्या युद्धनौका एका दिवसात जुनाट झाल्या. मिकासा दुरुस्त होऊन १९०८ मध्ये पुन्हा सेवेत आली ती म्हातारी होऊनच. पुढची पंधरा वर्षे तिने दुय्यम कामे केली. रशियन क्रांतीनंतर जपानने सैबेरियात सैन्य घातले, त्या मोहिमेत ती व्लादिवोस्तोकजवळ १९२१ मध्ये खडकाळ तळाला लागली. ही मोहीम जपानच्या अभिमानाच्या यादीत नाही, त्यामुळे या अपघाताची आठवण फारशी कोणी काढत नाही.

दुसरे मरण कागदावर आले. १९२२ च्या वॉशिंग्टन तहाने पाच सत्तांच्या आरमारांवर मर्यादा घातली आणि जुन्या युद्धनौका मोडीत काढायचे ठरले. मिकासाही त्यांत होती. त्यातच १ सप्टेंबर १९२३ चा महाभूकंप झाला. योकोसुकाच्या धक्क्यावर आदळून तिला पाणी लागले. त्याच महिन्यात तिचे नाव नौदलाच्या यादीतून कमी झाले. मात्र नौका मोडू नये अशी मोहीम जपानमध्ये उभी राहिली आणि तहातील इतर राष्ट्रांनी ती मागणी मान्य केली. अट एकच: ती पुन्हा कधीही समुद्रावर जाऊ शकणार नाही, असे काही करा. म्हणून काँक्रीट. किनाऱ्याशी खणलेल्या जागेत तिला ओढून आणले, भोवती वाळू आणि काँक्रीट भरले, आणि १२ नोव्हेंबर १९२६ रोजी युवराज हिरोहितो व वृद्ध तोगो यांच्या उपस्थितीत स्मारक म्हणून खुले केले. साधारण त्याच सुमारास ब्रिटननेही नेल्सनची 'व्हिक्टरी' पोर्ट्समथच्या कोरड्या गोदीत कायमची आणून ठेवली होती. पण व्हिक्टरीला तसे करायला कोणी तहाने भाग पाडले नव्हते. मिकासा ही माझ्या माहितीतली एकमेव नौका, जिला वाचवण्यासाठी तिचे नौकापण आधी आंतरराष्ट्रीय संमतीने काढून घ्यावे लागले.

पुढच्या वीस वर्षांत या नौकेभोवती जे रचले गेले ते तपासायला हवे. २७ मे हा नौदलदिन होताच. त्सुशिमा ही जपानी नौदलाची वेदवाक्ये लिहिणारी लढाई ठरली: शत्रूचे आरमार दुरून येते, वाटेत थकते, मग आपल्या पाण्यात एकाच निर्णायक लढाईत त्याचा निकाल लागतो. अमेरिकेशी युद्धाचे आराखडे वर्षानुवर्षे याच साच्यात ओतले गेले. 'यामातो' आणि 'मुसाशी' या प्रचंड युद्धनौका त्या साच्याचीच लेकरे. त्सुशिमाच्या वेळी 'निस्शिन' या क्रूझरवर डाव्या हाताची दोन बोटे गमावलेला एक तरुण अधिकारी पुढे अ‍ॅडमिरल यामामोतो इसोरोकू झाला. त्याला विमानांचे महत्त्व कळले होते. तरीही डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर विमाने सोडताना 'अकागी'वर तेच झेड निशाण चढले. काँक्रीटमध्ये नुसती नौका गाडली नव्हती. एक युद्धकल्पनाही तिच्यासोबत कडक झाली होती, असे मला वाटते. अमेरिकेने एका निर्णायक लढाईची वाट पाहिली नाही. तिने पाणबुड्यांनी जपानची व्यापारी जहाजे बुडवली आणि बेटामागून बेट घेत पुढे सरकली.

ऑगस्ट १९४५ मध्ये योकोसुका बंदरात दोन जपानी युद्धनौका होत्या. एक 'नागातो', साऱ्या आरमारातली त्या अवस्थेतही तरंगत राहिलेली शेवटची. तिला अमेरिकेने नेले आणि १९४६ मध्ये बिकिनी बेटांजवळ अणुबॉम्बच्या चाचणीत बुडवले. दुसरी मिकासा. ती वाचली, कारण तिला कोठेच नेता येत नव्हते.

वाचली म्हणावे तर तेही अर्धेच खरे. सोव्हिएत प्रतिनिधीने तिचा नाश करण्याची मागणी केली. त्सुशिमाचा डंख चाळीस वर्षांनीही ताजा होता. अमेरिकनांनी ती मान्य केली नाही, पण तोफा, बुरूज, धुरांडी, डोलकाठ्या असा युद्धाची आठवण देणारा सारा वरचा संभार उतरवला गेला आणि भंगारात विकला गेला. उरलेला सांगाडा मनोरंजनासाठी भाड्याने गेला. तोगो जेथे वावरले त्या डेकवर नाचगाण्याचा अड्डा उभा राहिला, आणि त्याचे नाव चक्क 'कॅबरे तोगो'. मागच्या भागात मत्स्यालय आले. डेकवरच्या सागवानी फळ्या, पितळी कड्या, तांब्याच्या नळ्या लोकांनी काढून नेल्या; कोरियातील युद्धाच्या काळात धातूला सोन्याचा भाव आला होता. या प्रकाराला विटंबना म्हणण्याची रीत आहे. मला तसे म्हणवत नाही. बेचिराख झालेल्या देशात थंडीत जळणाला लाकूड हवे असते आणि तांबे विकून तांदूळ मिळतो. ज्या लोकांच्या नावाने ही नौका बांधली, लढवली आणि पूजली, त्यांच्या उपयोगी ती प्रथमच पडत होती.

येथे चेस्टर निमिट्झ यांचा प्रवेश होतो. १९०५ मध्ये हा टेक्ससचा पोरगा शिकाऊ अधिकारी म्हणून अमेरिकी नौकेवरून जपानला आला होता आणि विजयोत्सवाच्या एका समारंभात त्याने तोगोंना पाहिले, त्यांच्याशी दोन शब्द बोलला. १९३४ मध्ये तोगो वारले तेव्हा योगायोगाने तो आपली क्रूझर घेऊन जपानमध्ये होता आणि अंत्यविधीला हजर राहिला. १९४५ मध्ये पॅसिफिकमधील अमेरिकी आरमाराचा प्रमुख म्हणून, तोगोंच्या वारसांचा संपूर्ण पराभव करून तो टोकियोच्या उपसागरात आला, आणि आल्यावर स्मृतिचिन्हे पळवणाऱ्या आपल्याच सैनिकांपासून जपण्यासाठी त्याने मिकासावर पहारा बसवला. तो पहारा फार काळ पुरला नाही, हे वर आलेच. १९५५ मध्ये बॅरो गावाशी नाते असलेल्या, म्हणजे जेथे मिकासा जन्मली तेथल्याच, एका व्यापाऱ्याने 'जपान टाइम्स'ला पत्र लिहून तिच्या दुर्दशेबद्दल खंत व्यक्त केली. त्या पत्राने चळवळ पुन्हा सुरू झाली. १९५८ मध्ये निमिट्झनी 'बुंगेइ शुंजू' या प्रतिष्ठित जपानी मासिकात मिकासाविषयी लेख लिहिला आणि त्याचे मानधन तिच्या जीर्णोद्धाराला दिले. बोलणारे शत्रू होते, तेव्हा जपानी लोकांनाही बोलता आले. पराभवानंतरच्या जपानमध्ये युद्धनौका जपा असे म्हणणाऱ्या जपानी माणसावर लष्करवादी असल्याचा शिक्का बसत होता. निमिट्झवर तो बसण्याची शक्यता नव्हती.

पण सुटे भाग आणायचे कोठून? त्या पिढीच्या नौका जगातून संपल्या होत्या. नेमक्या त्याच वेळी, १९५९ मध्ये, चिलीची 'आल्मिरांते लातोर्रे' ही जुनी युद्धनौका मोडीसाठी योकोहामात ओढून आणण्यात आली. तीही ब्रिटनमध्येच बांधलेली. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी तिला 'कॅनडा' या नावाने स्वतःकडे ठेवले होते आणि जटलंडच्या लढाईत ती होती. तिचे काही भाग मिकासाला मिळाले. म्हणजे योकोसुकाला आज एखाद्या दारावर किंवा जिन्यावर हात ठेवला तर तो त्सुशिमाचा असेल किंवा जटलंडचा. फरक सांगणे पाहणाऱ्याला अवघड आहे. तोफा, धुरांडी, डोलकाठ्या नव्याने घडवल्या. २७ मे १९६१ रोजी, त्सुशिमाच्या छपन्नाव्या वाढदिवशी, मिकासा पुन्हा लोकांसाठी उघडली. या उपकाराची परतफेडही पुढे झाली. निमिट्झच्या जन्मगावी, टेक्ससमधील फ्रेडरिक्सबर्ग येथे पॅसिफिक युद्धाचे संग्रहालय आहे. त्याच्या आवारात १९७६ मध्ये जपानी लोकांनी एक शांतिवन भेट दिले आणि त्यात तोगोंच्या अभ्यासिकेची प्रतिकृती उभारली.

मराठी वाचकाच्या मनात आता 'विक्रांत' आली असेल. मिकासा पुन्हा उघडली त्याच वर्षी, मार्च १९६१ मध्ये, विक्रांत ही आपली पहिली विमानवाहू नौका बेलफास्टला भारतीय नौदलात दाखल झाली. तिचा सांगाडा दुसऱ्या महायुद्धात न्यूकॅसलला व्हिकर्स-आर्मस्ट्राँग कंपनीने बांधला होता. मिकासाची व्हिकर्स आणि लातोर्रेची आर्मस्ट्राँग या दोन कंपन्या १९२७ मध्ये एक होऊन ती कंपनी झाली होती. १९७१ च्या युद्धात विक्रांतच्या विमानांनी पूर्व बंगालची बंदरे बंद पाडली. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली आणि मुंबईच्या नौदल गोदीत संग्रहालय म्हणून ठेवली गेली. ठरावीक दिवसांत लोकांना आत सोडत. शाळांच्या सहली रांगा लावून डेकवर जात. पण ती पाण्यात तरंगत होती, आणि तरंगणाऱ्या नौकेला खर्च लागतो: तळ गंजतो, पंप चालू ठेवावे लागतात, गोदीत जागा अडते. कायमस्वरूपी संग्रहालयाच्या योजना वर्षानुवर्षे कागदावर फिरल्या. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून तिची दारे बंद झाली, मग लिलाव झाला. न्यायालयीन लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये संपली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मुंबईच्या दारूखान्यात तिच्यावर गॅस कटर चालू लागले.

विक्रांत जपायलाच हवी होती, असे ठामपणे म्हणणारे पुष्कळ आहेत. मिकासाचा इतिहास वाचल्यावर मला तसे सरसकट म्हणता येत नाही. जपलेल्या नौकेने कोणत्या कल्पना जपल्या जातील, याचा भरवसा नसतो. तरीही एक फरक आहे. योकोसुकाच्या त्या काँक्रीटच्या नौकेवर कोरियाचा विद्यार्थी चढू शकतो, रशियाचा चढू शकतो, आणि तेथल्या फलकांवर सप्टेंबर १९०५ च्या रात्रीविषयी किती ओळी आहेत ते मोजून भांडू शकतो. दारूखान्यात भांडायला काही उरलेले नाही. विक्रांतच्या पोलादाचे एक शिल्प जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत नौदल गोदीजवळच्या रस्त्यावर उभे राहिले, आणि काही पोलाद वितळवून त्याच वर्षी मोटारसायकलींत वापरले गेले. त्या गाड्या जाहिरातीतल्या विक्रांतच्या नावावर खपल्या, आणि त्यांतल्या काही अजूनही रस्त्यावर दिसतात.